रोटाव्हेटरखालचा तवा: हळदीच्या चार एकरांचं सपाटीकरण

पार्श्वभूमी

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याखाली, भारी काळ्या मातीचं हे चार एकरांचं सलग रान आहे. पूर्व-पश्चिम १८० मीटर, दक्षिणोत्तर ९० मीटर. पश्चिमेचं टोक उंच, पूर्वेच्या बांधाला लागून ओढा. घरचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, सहा फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार), नऊ फणांचा कल्टिव्हेटर आणि एक जुना दोन फाळांचा साधा नांगर, म्हणजे माती एकाच बाजूला टाकणारा. पिकांचा फेर ठरलेला: एक वर्ष हळद, दुसऱ्या वर्षी सोयाबीन आणि त्यावर हरभरा. उन्हाळ्यात पाणी उरलं तर भुईमूग किंवा चाऱ्याची मका.

नांगरट तीन-चार वर्षांतून एकदा. बाकी सगळी मशागत रोटाव्हेटरची. पीक निघालं की दोन पाळ्या, पेरणीच्या तोंडावर आणखी एक. ढेकूळ दिसलं की पुन्हा रोटा, असा आठ-नऊ वर्षांचा शिरस्ता होता. वरून रान रव्यासारखं दिसायचं आणि बांधावरून जाणारा माणूस कौतुक करायचा.

अडचण

हळदीच्या वर्षात जुलै-ऑगस्टच्या झडीत रानाच्या मधोमध पाणी तुंबलं. दोन गादीवाफ्यांमधल्या सऱ्यांत ते दोन-तीन दिवस हलत नव्हतं. सप्टेंबरपर्यंत त्या पट्ट्यात कंदकूज पसरली. खोड ओढलं की अलगद हातात यायचं, गड्डा मऊ आणि वास मारणारा. औषधांच्या तीन आळवण्या झाल्या, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं, पण पाणी तिथंच होतं, त्यामुळे रोगही तिथंच राहिला. वाळलेल्या हळदीचा उतारा एकरी १८ क्विंटलवर आला. त्याआधीच्या हळदीला तो २७ होता.

पुढच्या खरिपात त्याच मधल्या पट्ट्यातलं सोयाबीन पिवळं पडून खुजं राहिलं. पीक बदललं तरी जागा तीच, म्हणजे दोष बेण्यात किंवा औषधात नव्हता. घरात मात्र पहिला विचार आला तो रान 'लेव्हल' करून घेण्याचा. खोलगट जागा भरली की पाणी थांबणार नाही, असा हिशेब. तो अर्धा बरोबर होता.

तपासणी: खड्डा, सळई आणि पत्र्याची नळी

हरभरा निघाल्यावर, यंत्र बोलावण्याआधी, तीन जागी दोन-दोन फूट खोल खड्डे घेतले: मधल्या खोलगट भागात, पश्चिमेच्या उंचावर आणि बांधाच्या कडेला, जिथं रोटाव्हेटर कधी पोचत नाही.

मधल्या खड्ड्याची भिंत चाकूनं वरून खाली खरवडली. पहिले १२-१३ सेंटिमीटर चाकू सहज उतरला. मग तो अडला. तिथून साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत माती थरावर थर रचल्यासारखी, पापुद्र्यांनी सुटणारी. हरभऱ्याचं सोटमूळ त्या थरावर येऊन काटकोनात वळलं होतं आणि आडवंच वाढत गेलं होतं. थराच्या वरच्या अंगाला बोट फिरवलं तर तव्यासारखं गुळगुळीत लागत होतं. बांधाकडच्या खड्ड्यात हा थर नव्हता.

मग १२ मिलिमीटरची सळई टोक घासून, टी आकाराची मूठ लावून, ३० ठिकाणी दाबून पाहिली. २६ ठिकाणी ती १२ ते १५ सेंटिमीटरवर थबकली. तिसरी चाचणी पाणी मुरण्याची. एक फूट व्यासाची पत्र्याची नळी चार बोटं मातीत ठोकून आत १० सेंटिमीटर पाणी भरलं. बांधाकडे ते पाऊण तासात मुरलं. मध्यभागी, वरची भुसभुशीत माती काढून थेट थरावर नळी ठोकली, तिथं तीन तासांनीही सहा सेंटिमीटर पाणी शिल्लक होतं.

हा थर का बनतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा एकही निर्णय नीट लागत नाही. रोटाव्हेटरचं एल आकाराचं पातं मातीत वरून खाली मारा करतं आणि त्याची आडवी वळलेली टाच तळाशी माती कापत, दाबत जाते. माती ओली असेल तर ती कापली जात नाही, लिंपली जाते. दर वर्षी त्याच खोलीवर. पाती झिजलेली असली की टाचेची धार जाऊन पाठ घासते आणि लिंपण आणखी पक्कं होतं. या रोटाव्हेटरच्या ४२ पात्यांपैकी बहुतेकांची टाच झिजून निम्मी उरली होती. वरून ट्रॅक्टरच्या चाकांचा भार येतोच.

इथं एक प्रश्न येतो. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, पावसात फुगते. असा थर ती स्वतःच फोडत नाही का? फोडते, पण त्यासाठी ती पूर्ण वाळावी लागते. या रानात हरभऱ्याला पाणी, त्यावर उन्हाळी भुईमुगाला किंवा मकेला पाणी. सलग कित्येक वर्षं एप्रिल-मे महिन्यांत ते कोरडं पडलंच नव्हतं. बागायतीनं उन्हाळ्याचं पीक दिलं आणि भेगा बंद केल्या.

खोलगटपणाचं कारण वेगळं निघालं. जुन्या साध्या नांगरानं नेहमी बांधाच्या कडेनं सुरुवात करून गोल-गोल आत येत नांगरट व्हायची. माती प्रत्येक फेरीला बाहेर, बांधाकडे पडत गेली. त्यामुळे चारही कडा उंच झाल्या आणि मधोमध उघडा चर उरला. पलटी नांगर असता तर जाताना आणि येताना माती एकाच दिशेला पडली असती आणि असं झालं नसतं.

मोजणी

१५ मीटरच्या चौकटीत ७२ ठिकाणी डंपी लेव्हलनं, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीनं, उंची घेतली. पश्चिमेच्या टोकापासून ओढ्यापर्यंत एकंदर उतार ५४ सेंटिमीटर, म्हणजे १८० मीटरला ०.३ टक्के. या सरळ उताराच्या रेषेपेक्षा मधला भाग १४ सेंटिमीटर खाली होता, कडा ८ ते १० सेंटिमीटर वर. वायव्य कोपऱ्यात, जुन्या खळ्याच्या जागी, आठ गुंठे तर १८ सेंटिमीटर वर. जो निर्णय पुढं सगळ्यात महत्त्वाचा ठरला, तो याच कागदावर घेतला गेला.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, आहे तसं चालू ठेवून मधून ओढ्यापर्यंत चर काढणं. स्वस्त, पण थर तसाच राहतो आणि चर रानाचे दोन तुकडे करतो. दुसरा, जेसीबी लावून कडा खरवडायच्या आणि ट्रॅक्टरच्या मागच्या फळीनं नजरेनं पसरायचं. यात तासांचा दर मोठा, यंत्राचं वजन जास्त, आणि चार-पाच सेंटिमीटरचा चढउतार नजरेला कधीच दिसत नाही. हे दोन्ही लवकर बाजूला पडले.

तिसरा पर्याय पलटी नांगरानं एक फूट खोल नांगरट. थर फुटला असता हे खरं. पण फूटभर खोल नांगरटीत पाटीएवढी ढेकळं निघतात, ती फोडायला पुन्हा रोटाव्हेटरच्या पाळ्या, आणि ट्रॅक्टरचं एक चाक नव्या तासाच्या, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चराच्या, तळात चालतं, म्हणजे थर फोडताना त्याच्याच खाली नवा दाब. सपाटीकरणाचा प्रश्न त्यानं सुटत नव्हताच.

चौथा, सबसॉयलर, म्हणजे माती न पलटता खालचा कडक थर फोडणारा खोल फण. पाचवा, लेझर लेव्हलर, म्हणजे लेझर किरणाच्या इशाऱ्यावर माती कापून पसरणारी, ट्रॅक्टरमागची बकेट. हे दोन्ही एकत्र करायचे हे पटलं, पण दोन प्रश्न उभे राहिले: रानाला उतार किती ठेवायचा, आणि आधी काय, नंतर काय.

पहिला निर्णय: शून्य की उतार

लेझर लेव्हलरवाला पहिल्याच भेटीत म्हणाला, "मामा, झिरो मारून देतो. ताटात पाणी ओतल्यासारखं सगळीकडे सारखं राहील." त्याचं बोलणं त्याच्या कामाच्या सवयीतलं होतं. भातखाचराला किंवा वाफ्यानं पाणी देण्याच्या रानाला शून्य उतार चांगला, कारण तिथं पाणी सारखं उभं राहायला हवं. हळदीला ठिबक आहे. तिला पाणी देण्याची अडचण नाही, पावसाचं पाणी काढण्याची आहे. भारी काळ्या रानात शून्य उतार म्हणजे आज एका पट्ट्यात तुंबणारं पाणी उद्या चारही एकरांत तुंबवणं. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीत रुंद वरंबा-सरी पद्धत बसवताना सऱ्यांना ०.४ ते ०.८ टक्के उतार धरला, तो याच कारणासाठी. इथला नैसर्गिक ०.३ टक्के त्यापेक्षा थोडा कमी, पण सरळ केला तर पुरेसा होता.

मातीच्या हिशेबानंही हेच निघालं. ५४ सेंटिमीटरचा उतार शून्यावर आणायचा तर वरच्या निम्म्या रानात सरासरी साडेतेरा सेंटिमीटर कापावं लागतं: ८,१०० चौरस मीटर गुणिले ०.१३५, म्हणजे सुमारे १,१०० घनमीटर माती. पश्चिमेच्या टोकाला कापणी २७ सेंटिमीटर, म्हणजे पिकाची सगळी कसदार माती खाली आणि वर उघडी पडलेली कच्ची माती. उतार कायम ठेवून फक्त उंचवटे-खोलगट एका रेषेत आणायचे तर सरासरी चार सेंटिमीटर, सुमारे ३२० घनमीटर. बकेटच्या एका फेरीत रानातली साधारण ०.८ घनमीटर माती जाते. म्हणजे एकीकडे चौदाशेच्या आसपास लांब फेऱ्या आणि ८० तास, दुसरीकडे ४०० फेऱ्या आणि १७ तास. त्या वेळचा दर तासाला १,३०० रुपये होता.

ठरलं: पूर्व-पश्चिम ०.३ टक्के, दक्षिणोत्तर शून्य. अडचण अशी की पहिल्या लेव्हलरवाल्याच्या ट्रान्समीटरला उतार बसवण्याची सोय नव्हती, किरण फक्त आडवा फिरायचा. उतार बसवता येणारं यंत्र शेजारच्या तालुक्यातून आणावं लागलं आणि त्यात बारा दिवस गेले. ते वाया गेले असं म्हणता येणार नाही.

दुसरा निर्णय: सबसॉयलर आधी की नंतर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि सबसॉयलर गावात आला होता. हाताशी आहे तर करून घ्यावं म्हणून तो रानात घातला गेला. फणाचे पहिले दोन-तीन तास पाडून झाल्यावर मागं जाऊन उकरून पाहिलं. फणानं मातीत सुरीनं लोणी कापावं तशी चीर पाडली होती, दोन्ही भिंती चकचकीत. बाजूची माती उचललीही नव्हती, तडकलीही नव्हती. एक फुटावरची माती हातात घेऊन वळली तर सुतळीसारखी वळत होती. इतकी ओल असताना थर फुटत नाही, बाजूला दाबला जातो. अर्ध्या एकरावर काम थांबवलं. यंत्र दारात असताना परत पाठवणं जिवावर येतं, तरी ते केलं हे बरं झालं.

यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, या उन्हाळ्यात भुईमूगही नाही आणि मकाही नाही. रान कोरडं तापू द्यायचं. घरात यावर चार दिवस वाद झाला, कारण जनावरांना चारा लागतोच. शेवटी चारा दुसऱ्या तुकड्यात केला. दोन, सबसॉयलर लेव्हलरच्या नंतर. भरलेली बकेट ओढणारा ट्रॅक्टर त्याच जागेवरून शेकडो वेळा जातो. आधी थर फोडून वर तो फिरवला, तर फोडलेलं पुन्हा दाबलं जाणार.

लेझर लेव्हलरचं काम

एप्रिलच्या शेवटी कल्टिव्हेटरची एक पाळी आठ-दहा सेंटिमीटर खोल मारली, बकेटला माती धरता यावी एवढीच. ढेकळं मोठी राहिली तिथं दुसरी आडवी पाळी. ओली किंवा काडीकचऱ्याची माती बकेटच्या ओठाला चिकटते आणि सोडताना लोळा पडतो, म्हणून धसकटं आधी वेचून घेतली.

ट्रान्समीटर तिपाईवर, रानाच्या बाहेर, बांधावर पक्क्या जागी. रिसीव्हर बकेटवरच्या दांड्यावर. किरण रिसीव्हरच्या मध्याच्या वर-खाली गेला की कंट्रोल बॉक्स हायड्रॉलिक झडपेला इशारा देतो आणि बकेट आपोआप उचलते किंवा दबते. काम सुरू होण्याआधी विहिरीच्या कठड्यावर एक खूण ठरवून तिची उंची नोंदवली. दर दोन तासांनी त्या खुणेवर पट्टी धरून तपासायचं असं ठरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच कामी आलं: दुपारी तपासलं तर चार सेंटिमीटरचा फरक. तिपाईचा एक पाय भुसभुशीत मातीत रुतला होता. पाऊण तासाचं काम पुन्हा करावं लागलं. खूण नसती तर अख्खा दिवस चुकीच्या पातळीवर गेला असता.

पहिल्या फेऱ्यांत सूक्ष्म सेटिंग ठेवल्यानं बकेट सतत वर-खाली होत राहिली आणि रानात हातभर अंतरावर लाटा उठल्या. कंट्रोल बॉक्सची मुभा वाढवून आधी ढोबळ काम, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना ती कमी करून, असं केल्यावर लाटा गेल्या. एकाच दमात खोल कापायला गेलं की मागची चाकं घसरतात, डिझेल जळतं आणि चाकाखाली माती घोटली जाते. दर फेरीला तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त कापायचं नाही हे बरं. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवलं. मे महिन्यात तापलेल्या रानावर हवा थरथरते, वाऱ्यानं तिपाई हलते, आणि रीडिंग नाचतं.

जिथं कापणी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त होती, तिथं वरची माती आधी काढून बाजूला ढीग लावायचा, खालची कच्ची माती कापून खोलगटात न्यायची आणि मग वरची माती परत पसरायची, असं ठरलं होतं. कडेच्या उंचवट्यांना याची गरज नव्हती, कारण तिथली माती नांगरानं बाहेर फेकलेली वरचीच होती. पश्चिमेच्या टोकाला वीस गुंठ्यांवर मात्र हे नीट केलं. त्याला साडेतीन तास जादा लागले. जुन्या खळ्याच्या आठ गुंठ्यांची पाळी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लेव्हलर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जायचा होता. एवढ्याशा तुकड्याला काय, म्हणून ते सरळ कापलं गेलं.

मूळ काम १९ तासांत झालं. पुन्हा १५ मीटरच्या चौकटीत मोजलं तेव्हा ७२ पैकी ६६ बिंदू ठरलेल्या रेषेपासून दोन सेंटिमीटरच्या आत होते.

सबसॉयलर, दुसऱ्यांदा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ४० सेंटिमीटरपर्यंतची माती हातात भुगा होत होती. आता खोली ठरवायची. गावात सबसॉयलर म्हटला की दोन फूट घाला असं म्हणतात. पण प्रत्येक फणाला एक मर्यादा असते. त्यापेक्षा खोल गेलं की टोक माती उचलत नाही, बाजूला दाबतं. थर २५ सेंटिमीटरवर संपत होता, म्हणून टोक ३५ वर ठेवलं. टोकाला दोन्ही बाजूंनी पंख असलेला फण घेतला, त्यानं माती जास्त रुंदीत उचलली जाते.

अंतराचा निर्णय चाकांनी केला. थर सगळीकडे फुटायचा तर तास दोन-सव्वादोन फुटांवर हवेत. पण एकाच फणाचा सबसॉयलर असल्यानं दुसऱ्या तासाला ट्रॅक्टरचं चाक बरोबर पहिल्या तासावरून जातं आणि फोडलेलं दाबतं. हळदीचे गादीवाफे साडेचार फुटांवर, म्हणजे १३७ सेंटिमीटरवर येणार होते, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधलं अंतर तेवढंच बसवता येत होतं. म्हणून प्रत्येक वाफ्याच्या मध्यरेषेवर एक तास, चाकं कायम सरीच्या जागी. सरीखालचा थर तसाच राहिला. ते मान्य केलं. उताराच्या दिशेनं एकूण ६५ तास पाडले. ट्रॅक्टर गेला की मागं जमीन दोन बोटं वर उचलली जाऊन तडे जाताना दिसत होते. काम बरोबर होतंय याची हीच खूण.

रोटाव्हेटर परत आला, पण वेगळा

रोटाव्हेटर टाकून द्यायचा नव्हता. दोष यंत्रापेक्षा त्याच्या वेळेत, खोलीत आणि पाळ्यांच्या संख्येत होता. झिजलेली सगळी ४२ पाती काढून भारी रानाला चालणारी सी आकाराची बसवली. पाती बसवताना डावी-उजवी ओळख ठेवून रोटरभोवती वळणदार ओळीत यावी लागतात, म्हणजे एका वेळी एकच पातं मातीत शिरतं. चार पाती चुकून एकाच वेळी लागू लागली तर ट्रॅक्टर हादरतो आणि गिअरबॉक्सवर झटके बसतात.

जूनच्या पहिल्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी रान वरून कोरडं दिसत होतं. १२ सेंटिमीटरवरची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून टाकली, तर गोळा तसाच राहिला. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नव्हता. पाचव्या दिवशी गोळा पडताक्षणी फुटला. त्या दिवशी एकच पाळी: बाजूच्या स्किडनं खोली आठ-नऊ सेंटिमीटर, रोटरचा वेग गिअर बदलून कमी, ट्रॅक्टर नेहमीपेक्षा एक गिअर वर, मागची फळी थोडी उचललेली. ढेकळं सुपारी ते लिंबाएवढी राहिली. भारी मातीला एवढंच हवं. पीठ केलं की पावसाच्या पहिल्याच सरीत वर पापडी धरते. मग शेणखत, गादीवाफे, ठिबकच्या नळ्या, लागवड.

परिणाम

जुलैच्या झडीत सऱ्यांतलं पाणी पाऊस थांबल्यावर पाच-सहा तासांत ओढ्याला लागलं. मधला पट्टा पहिल्यांदाच बाकी रानासारखा दिसला. कंदकूज पूर्ण गेली नाही, पण ठिपक्याठिपक्यांनी राहिली, पट्ट्यानं पसरली नाही. उतारा एकरी २६ क्विंटल. पाऊसमान दोन्ही वर्षी सारखं नव्हतं, तेव्हा सगळी वाढ मशागतीच्या खात्यावर टाकणं योग्य नाही. मुळांचा पुरावा जास्त बोलका आहे: काढणीनंतर खड्डा घेतला तेव्हा वाफ्याच्या मध्यरेषेखाली मुळं ४० सेंटिमीटरपर्यंत उभी गेलेली होती.

तीन जागा मात्र बिघडल्या. खळ्याचा आठ गुंठ्यांचा कोपरा दीड महिन्यातच पिवळा पडला. कोवळी पानं पांढुरकी, शिरा तेवढ्या हिरव्या. उघड्या पडलेल्या चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त पिकाला लागू होत नाही. फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट दहापट शेणखतात मुरवून दिलं, फवारणीही केली. रंग सुधारला, उतारा नाही. मार्चमध्ये ओल्यात फाडलेल्या अर्ध्या एकरात कंदकूज सगळ्यात जास्त होती: नंतरचे वाफे त्या चिरांवर तिरपे आले होते आणि चिरांत पाणी साठून बाजूला मुरत नव्हतं. आणि पूर्वेच्या धुऱ्यालगतचे शेवटचे वीस फूट, जिथं प्रत्येक तासाच्या शेवटी ट्रॅक्टर वळतो. तिथं उतार होता, पण ओढ्यात पाणी सोडणारा चर लागवडीनंतर खोदला गेला. तोपर्यंतच्या दोन पावसांत ६५ सऱ्यांचं पाणी तिथं येऊन थांबलं.

खर्च: मोजणी ३,०००, लेव्हलर २४,७००, वरची माती काढून परत टाकायचे साडेतीन तास ४,५५०, सबसॉयलर ७,२००, पाती ४,६००. एकूण सुमारे ४४ हजार, म्हणजे एकरी ११ हजार. उन्हाळी पीक सोडल्याचा तोटा यात धरलेला नाही, आणि तो धरायला हवा.

वेगळं काय करता आलं असतं

खळ्याच्या तुकड्यावर आणखी दीड तास लावला असता तर दोन हजार रुपये गेले असते. ते शक्य नव्हतं तर तो कोपरा १८ सेंटिमीटर उंचच सोडणं बरं होतं. कोपऱ्यातला उंचवटा पाणी अडवत नाही. ठरलेल्या रेषेवर सगळं आणण्याच्या नादात हे सुचलं नाही. कापायच्या जागांचा नकाशा आधीच असताना कामाची सुरुवात त्या जागांपासून व्हायला हवी होती. अवघड काम शेवटच्या संध्याकाळी ठेवलं की ते टळतंच.

ओलीची चाचणी सबसॉयलर जोडण्याआधी घ्यायची, दोन-तीन तास पाडल्यावर नाही. फावड्यानं एक फूट खोदून माती वळायला पाच मिनिटं लागतात.

पाण्याचा निकास आधी, सपाटीकरण नंतर. रानाचं पाणी शेवटी जिथं जायचं, तो चर आणि त्याची पातळी मोजणीच्या दिवशीच ठरवायला हवी होती. त्यातून कदाचित शेवटच्या भागाचा उतार थोडा वाढवायचं ठरलं असतं.

धुऱ्याच्या वळणाच्या पट्ट्यावर सबसॉयलर आडवा चालवायचा राहिला. सगळ्यात जास्त दाब तिथं, आणि थर तिथंच कायम आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत हे काम पहिलं लिहिलं आहे. त्याखाली दुसरी नोंद: हळद भरायला ट्रॉली आणताना चाकं सरीतच ठेवायची. काढणीच्या घाईत एकदा ती तिरपी वाफ्यांवरून गेली, आणि त्या ओळीत सळई पुन्हा १६ सेंटिमीटरवर थबकते आहे.